‘पाळकसाहेबांना कसं सांगायचं?’

पत्र

आदरणीय बाई, प्रभूमध्ये सलाम.

मी नवी मुंबईत ऐरोलीला एका चर्चचा पाळक आहे. सतरा वर्षांपूर्वी आमच्या घरातच अकरा कुटुंबांनी उपासना सुरू केली. आज नव्वदच्या वर कुटुंबं आहेत, आणि दर रविवारी एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो. आमची मंडळी, म्हणजे चर्च, स्वतंत्र आहे, त्यामुळे बदलीचा प्रश्न नाही. पहिल्या दिवसापासून सोबत असलेले आमचे खजिनदार माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. त्यांनी जूनमध्ये व्हॉट्सअॅपवर दोन ओळींचा राजीनामा पाठवला. ‘वैयक्तिक कारणामुळे.’ पाठोपाठ चार कुटुंबं यायची बंद झाली. भांडण काही झालं नाही.

गायन सांभाळणारा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, महापेला रात्रपाळी करतो. त्याला हिंदी गीतं आणि गिटार हवी. वडीलजन, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ, म्हणतात, थांबवा त्याला. मी अजून कुणालाच काही बोललो नाही. कामं वाटून द्यायला गेलो तर कुणी नीट करत नाही, शेवटी मीच करतो. तीन वर्षांत एक रविवार सुटी घेतली नाही. रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. परवा बायको म्हणाली, ‘सगळ्यांच्या घरी जाता, आपल्या घरी कधी येणार?’

सगळं सोडून द्यावंसं वाटतं. आणि राहायचं ठरवलं तर लोकांना पुढची वीस वर्षं कसं न्यायचं ते कळत नाही. सांगाल?

उत्तर

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी अडखळले. ‘भांडण काही झालं नाही.’ तुम्ही ते बहुतेक दिलाशासाठी लिहिलंत. मला त्याचीच काळजी वाटली. सतरा वर्षं खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला माणूस न भांडता निघून जातो, म्हणजे त्याला भांडायला जागाच उरली नव्हती.

त्यावर येतेच. आधी सोडून जाण्याबद्दल. ते आत्ता ठरवू नका, निदान नाताळ होईपर्यंत नाही. थकलेल्या माणसाला थकव्याचा आवाज देवाच्या आवाजासारखा ऐकू येतो. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचंच बघा. कर्मेल डोंगरावरचं एवढं मोठं काम झालं आणि हा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतोय. देव तिथे त्याला एक शब्द उपदेश करत नाही. झोपू देतो. दूत येतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो, दूत त्याला पुन्हा उठवून खायला घालतो. चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. ‘मी एकटाच उरलोय’ या त्याच्या तक्रारीवर ‘सात हजार अजून आहेत’ हे उत्तर मिळतं तेही पार होरेब डोंगरावर पोहोचल्यावर. हा उतारा तुम्ही मंडळीला कितीदा समजावून सांगितला असेल. या वर्षी तो तुमच्यासाठी आहे.

म्हणून पहिलं काम. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुटीचा ठरवा आणि तो व्यासपीठावरून जाहीर करा, कारण न सांगितलेली सुटी लोक पाळू शकत नाहीत. त्या दिवशी फोन कुणाकडे लागेल त्या वडीलजनांचं नाव त्याच वेळी सांगा. मृत्यू आणि हॉस्पिटल एवढीच सूट. तीन महिन्यांतून एक रविवार बायकोमुलांना घेऊन दुसऱ्या मंडळीत जा आणि मागच्या बाकावर नुसतं बसा. गोळी चुकवू नका. सुटीच्या पहिल्या दिवशी काय करायचं ते सुचणार नाही, हात रिकामे वाटतील. वाटू द्या.

आता मूळ गोष्ट.

मी पाळकाची बायको. साहेबांची सेवा चौतीस वर्षांची, त्यातली शेवटची एकोणीस ठाण्यातल्या एकाच मंडळीत. मी दिवसा शाळेत शिकवायचे, संध्याकाळी महिला संघ. उपासना संपली की मी चहाच्या टेबलाशी उभी असायचे, आणि तिथे जे कानावर पडायचं ते व्यासपीठापर्यंत कधीच जायचं नाही.

पहिली पाच वर्षं लोक साहेबांशी थेट भांडायचे. उपासनेची वेळ, नाताळच्या फराळाचा खर्च, कापणीच्या सणाचा लिलाव कुणी पुकारायचा, कशावरही. एकदा एक गृहस्थ प्रभुभोजनाच्या पेल्यांवरून एवढे तापले की टोपी विसरून गेले, आणि दुसऱ्या दिवशी टोपी न्यायला आले तेव्हा जेवूनच गेले. दहाव्या वर्षानंतर हे सगळं कमी होत गेलं. साहेब म्हणायचे, मंडळी आता परिपक्व झाली. मी गप्प राहायचे. कारण माझ्याकडे एक वाक्य वाढत चाललं होतं. ‘बाई, साहेबांना सांगू नका हं, पण…’

असं का झालं याचा मी पुष्कळ विचार केला. साहेब काही कडक नव्हते, कुणाला तोडून बोलले नव्हते. उलटच होतं. त्यांनी या माणसांच्या मुलांचे बाप्तिस्मे केले होते, मुलींची लग्नं लावली होती, आईला मूठमाती दिली होती, रात्री दोन वाजता सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर सोबत बसले होते. ज्याचं एवढं ऋण अंगावर आहे त्याला ‘तुमचं इथे चुकलं’ कसं म्हणायचं? माणसं म्हणत नाहीत. घरी जातात, आपसांत बोलतात, आणि एक दिवस वैयक्तिक कारण सांगून थांबतात. दीर्घ सेवेचा धोका हा आहे, भाऊ. तुम्ही प्रेमाने केलेल्या प्रत्येक गोष्टीने लोकांच्या तोंडावर एकेक बोट ठेवलं जातं. तुम्ही ठेवत नाही, पण ते बाजूला काढणं तुमच्याच हातात असतं.

साहेब तरुण पाळकांना इंग्लंडमधल्या चार्ल्स सिमियन या पाळकाची गोष्ट सांगायचे. केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये तो १७८२ ला आला आणि १८३६ साली मरेपर्यंत, चोपन्न वर्षं, तिथेच राहिला. सुरुवातीला त्याच्या विरोधातल्या लोकांनी आपापल्या मालकीच्या बाकांना कुलपं लावली. ऐकणाऱ्यांनी उभं राहून ऐकलं. त्याने पदरच्या पैशांनी बाकडी आणली, तीही बाहेर फेकली गेली. साहेब ही गोष्ट धीराची म्हणून सांगायचे, आणि ती आहेच. पण मला त्यातून दुसरंही दिसतं. बाकाला लावलेलं कुलूप निदान दिसतं. सिमियनला ठाऊक होतं की कोण नाराज आहे. तुमच्याकडे सतरा वर्षांनी हॉल भरलेला आहे, सगळे उठून ‘सलाम पाळकसाहेब’ म्हणतात, आणि तुम्हाला जूनमध्ये कळलं.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते. सांगताना आजही जड जातं.

शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, एकवीस वर्षं चालवणाऱ्या एक बाई होत्या, राहायला कळव्याला. आमच्या आधीपासून त्या होत्या. एका वर्षी साहेबांनी वर्गाची वेळ बदलली, उपासनेआधीचा वर्ग उपासनेनंतर केला. कारण चांगलं होतं, लांबून येणाऱ्या मुलांना लवकर पोहोचता येत नव्हतं. रविवारी सूचना वाचताना त्यांनी ते जाहीर केलं. पुढच्या रविवारी बाई आल्या नाहीत. घरी काही अडचण असेल, असं साहेब म्हणाले. महिना गेला, दोन महिने गेले. कुणीतरी वर्ग घ्यायला लागलं. साहेब रोज रात्री नाव घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करायचे, पण कळव्याला जायला त्यांना आठ महिने लागले.

त्या दिवशी मीही सोबत होते. बाई जमिनीवर मेथी निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत, नुसतं सरकून जागा केली. त्यांची सासू आतल्या खाटेवर होती, दोन वर्षांपासून अंथरुणात. तिला अकरा वाजता अंघोळ घालावी लागायची, म्हणून बाई सकाळचा वर्ग घेऊन धावत घरी जायच्या. आम्हाला हे माहीत नव्हतं. मंडळीत कुणालाच नव्हतं. साहेब म्हणाले, ‘तुम्ही एकदा बोलायचं होतंत.’ बाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, ‘साहेब, वेळ बदलताना तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं, माझी आता गरज उरली नाही.’

साहेब घरी येऊन दिवा न लावता बसून राहिले. पुढच्या रविवारी त्यांनी नाव न घेता, पण स्पष्ट शब्दांत, चूक आपली होती असं व्यासपीठावरून सांगितलं. बाई परत आल्या. वर्ग मात्र त्यांनी पुन्हा घेतला नाही. ज्यांनी त्यांच्यापुढे बसून दहा आज्ञा पाठ केल्या अशी दोन पिढ्यांची माणसं पुढे बसलेली असायची, आणि त्या मागच्या बाकावर, दाराजवळ, लवकर निघता यावं म्हणून.

त्यानंतर आमच्या घरात एक पद्धत सुरू झाली, ती तुम्हाला जशीच्या तशी देते. दर जानेवारीत साहेब तिघांना जेवायला बोलवायचे. एक, ज्याचं त्यांच्याशी सहसा पटत नाही असा माणूस. एक बाई. आणि एक पंचविशीच्या आतलं कुणीतरी. जेवण झालं की साहेब वही उघडून दोनच गोष्टी विचारायचे. गेल्या वर्षी माझ्या कोणत्या वागण्याने कुणाला लागलं? आणि मी आता कोणतं काम सोडून द्यायला हवं? साहेबांनी फक्त लिहायचं, त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही, स्पष्टीकरण तर नाहीच. हा नियम मी घातला होता, कारण पाळकांना स्पष्टीकरणाची फार सवय असते. आणि महिन्याभरात त्यातली एक तरी गोष्ट बदलून, ती कुणाच्या सांगण्यावरून बदलली हे त्या माणसाच्या परवानगीने मंडळीला सांगायचं. पहिल्या वर्षी तिघं फारसं बोललेच नाहीत. दुसऱ्या वर्षी एका मुलीने सांगितलं, तुमचा उपदेश पंचावन्न मिनिटांचा होतो आणि शेवटची वीस मिनिटं आम्ही घड्याळ बघतो. साहेबांनी पस्तीस मिनिटांवर आणला आणि तिचं नाव सांगितलं. त्यानंतर लोक बोलायला लागले.

तुमच्याकडे हे आज सुरू करायचं तर पहिला माणूस घरातच आहे. पाळकाच्या बायकोजवळ ‘साहेबांना सांगू नका’चं गाठोडं असतंच. तिला शांतपणे विचारा, माझ्याबद्दल लोक तुला काय सांगतात? ती सांगेल तेव्हा नावं विचारू नका. एक जरी नाव काढून घेतलंत तरी ती पुन्हा सांगणार नाही, आणि तिला सांगणारे तिला सांगणार नाहीत. तिने परवा जे म्हटलं त्यावर मी वेगळं काही लिहीत नाही. तुम्ही ते मला लिहिलंत, म्हणजे ते पोहोचलं आहे. तिच्यासोबत फोन बाजूला ठेवून रोजचं एक जेवण, एवढ्यापासून सुरुवात करा. चौतीस वर्षांत मला हवं होतं ते एवढंच.

आता ‘कुणी नीट करत नाही’ याबद्दल. बायबलमधल्या निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो येतो. तो आल्या आल्या सल्ला देत नाही. एक पूर्ण दिवस बघतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसला आहे आणि लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे आहेत. मग तो म्हणतो, हे बरं नाही, तू झिजशील आणि हे लोकही झिजतील. आपण पाळकाच्या झिजण्यावर बोलतो, उभ्या राहिलेल्या लोकांकडे आपलं लक्ष जात नाही. तुमच्या सहीसाठी, तुमच्या होकारासाठी, तुम्ही येईपर्यंत थांबलेली प्रार्थना सुरू होण्यासाठी जी माणसं ताटकळतात, तीही थकतात. थकली की कामं नीट होत नाहीत. मग तुम्ही म्हणता, बघा, मलाच करावं लागतं.

मला वाटतं, तुम्ही कामं वाटलीत ती हेलपाट्यांसारखी. ‘जरा खुर्च्या लावून घ्या’, ‘तेवढं झेरॉक्स काढून आणा.’ ते काम तुमचंच राहतं, पाय फक्त दुसऱ्याचे. हॉल एखाद्याच्या हाती सोपवायचा म्हणजे शाळेच्या शिपायाशी बोलणं, चावी, भाड्याची तारीख, पंखे बंद करणं, आणि खुर्च्या तुम्हाला आवडतात त्याहून वेगळ्या मांडायचा हक्क, हे सगळं. पहिले सहा महिने ते तुमच्यापेक्षा वाईट होईल. होऊ द्या, आणि लोकांसमोर दुरुस्त करू नका.

आमच्या साहेबांना हे जमलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांच्याकडे चाव्यांचा एक जुडगा होता, चौदा चाव्यांचा, लाल दोऱ्यात ओवलेला. कोणती चावी कशाची ते फक्त त्यांना ठाऊक. निवृत्तीच्या आठवड्यात त्यांना ताप भरला आणि तो जुडगा तसाच नव्या पाळकांच्या हाती गेला. महिन्याभराने एका लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागला, तेव्हा नोंदवह्यांच्या कपाटाचं कुलूप तोडावं लागलं. चावी त्या चौदांतलीच होती, पण कुणी ओळखायची? नव्या पाळकांनी साहेबांना कळू दिलं नाही, मला मात्र कळलं. तुमच्या जुडग्यात आज काय काय आहे ते या आठवड्यात कागदावर लिहा. कपाटांच्या चाव्या तर असतीलच, पण बँकेचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, हॉलचा करार कुणाच्या नावावर आहे, कोणत्या आजीला रविवारी रिक्षाने आणावं लागतं, कोणत्या घरात बाप दारू पितो म्हणून आधी फोन करून जावं लागतं, हेही. यातलं निम्मं वर्षभरात दुसऱ्याला देता यायला हवं.

पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन आठवा. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळातून आलेल्या मुली, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. बाईंनी त्यांना विणकाम शिकवलं, शेती शिकवली, छापखाना शिकवला. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते तिथल्याच बायकामुलींच्या हातून छापून घेतलं. कारभार सांभाळणारी त्यांची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ साली. बाई नसताना ते काम पुढे नेणारे हात आधीच तयार होते. मुंबईच्या तयार छापखान्यात दिलं असतं तर कदाचित लवकर झालं असतं. पण मग मागे राहिलं असतं ते फक्त एक पुस्तक.

गायनाच्या प्रश्नावर तुमचं गप्प राहणं मला पटलेलं नाही. तुम्हाला वाटतंय, बोललो नाही म्हणजे कुणाला दुखावलं नाही. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी तुम्हाला आपल्याविरुद्ध धरलं असेल.

आधी वडीलजनांचं समजून घ्या. नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. तिथल्या आपल्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचं असं कुणी नाही, सगळे कुठून ना कुठून आलेले. कुणी नगरचं, कुणी जालन्याचं, कुणी सोलापूरचं, कुणी मिरजेचं. प्रत्येकाच्या मनात गावाकडचं देऊळ, म्हणजे चर्च, आहे, आणि शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, भिंतीवर पाढ्यांचे तक्ते लटकत असताना, त्या देवळाची एकच खूण उरते, ती म्हणजे ‘उपासना संगीत’ हे भजनांचं पुस्तक. त्यातलं भजन सुरू झालं की त्यांना आईचा आवाज ऐकू येतो. मलाही येतो, आणि मला तीच भजनं गोड लागतात हे मी लपवत नाही. पण त्यातली कितीतरी भजनं ज्यांची, ते ना. वा. टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन आले तेव्हा मंडळ्यांत भाषांतरित गीतं विलायती चालींवर म्हटली जात होती. अभंग, ओवी, कीर्तन हे टिळकांनी जोमाने देवळात आणलं. आज जे जुनं वाटतं ते तेव्हा नवं होतं, आणि मंडळीने त्याला जागा दिली म्हणून आपल्यापर्यंत आलं. वडीलजनांना हे तुम्ही सांगायचं, त्या मुलाने नाही.

आणि त्या मुलाकडेही बघा. रात्रपाळी करून तो पहाटे घरी पोहोचत असेल, दोन-तीन तास झोपून साऊंड लावायला तुमच्याआधी हॉलवर येत असेल. हे त्याला कुणी बोलून दाखवलंय का?

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत, सहाव्या अध्यायात, असाच पेच आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतंय, कुरकुर सुरू झाली आहे. प्रेषित कुरकुर दाबत नाहीत आणि वाटप स्वतःच्या हातातही ठेवत नाहीत. सात जण निवडले जातात, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर… सातही नावं ग्रीक वळणाची. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातलेच लोक सगळ्यांचं वाटप बघायला नेमले. तुम्हीही तसंच करा. तो मुलगा आणि सगळ्यात जास्त विरोध करणारे वडीलजन, या दोघांनाच महिन्याची गीतं निवडायला बसवा. दर महिन्याला एकाने दुसऱ्याला एक गीत शिकवायचं. टिळकांचा अभंग गिटारवर कसा लागतो ते त्या वडीलजनांना एकदा ऐकू द्या, आणि ढोलकीचा ठेका कुठे उचलायचा ते त्यांनी त्या पोराला दाखवू दे. सुरुवातीला दोघंही तुमच्याकडे तक्रार घेऊन येतील. निकाल देऊ नका, परत एकमेकांकडे पाठवा.

कमिटीबद्दल थोडक्यात. तीन वर्षांची मुदत, सलग दोनदाच, मग एक मुदत बाहेर. हे तुमच्या जवळच्यांनाही लागू. अर्पण मोजायला दर रविवारी दोन वेगळ्या घरांतली माणसं, मोजल्या जागी दोघांच्या सह्या, आणि महिन्याचा हिशेब सगळ्यांना दिसेल असा लावलेला. हे संशयासाठी नाही, पैसे हाताळणाऱ्या माणसाला रात्री शांत झोप लागावी म्हणून.

त्यावरून दादांकडे येते. दुरून त्यांच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडे लक्ष वेधते. जून. हिशेब मार्चअखेर बंद होतात आणि मग ऑडिटची कामं सुरू होतात. सतरा वर्षं हे एकाच माणसाच्या डोक्यावर होतं, आणि मंडळी अकरा घरांची नव्वद घरांची झाली. त्यांनी कधी हसत हसत म्हटलं होतं का, ‘आता डोळ्यांना दिसत नाही हो’? आणि तुम्ही म्हणाला होतात का, ‘दादा, तुमच्याशिवाय कोण करणार?’ तुम्ही ते प्रेमाने, कौतुकाने म्हणाला असाल. त्यांना मात्र ते दार बंद झाल्यासारखं वाटलं असेल. आठवून बघा.

तुमचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल आणि दादा विश्वस्त असतील, तर बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी माहिती, द्यावा लागतो. मुदत गेली असेल तर वकिलांना विचारून विलंबाच्या अर्जासह द्या. पण तो कागद पहिल्या भेटीत नेऊ नका. आधी माणूस.

त्या भेटीला एकटे जा, कमिटी घेऊन नाही. फोन स्वतः करा, कुणाकरवी निरोप नको. बायबल पिशवीत ठेवा आणि त्यांनी म्हटल्याशिवाय उघडू नका. बसल्यावर एवढंच म्हणा, ‘दादा, जूनपासून मी आलो नाही, हे माझं चुकलं.’ मग थांबा. ते लगेच बोलणार नाहीत, ते थांबणं फार लांबल्यासारखं वाटेल, तरी तुम्ही भरू नका. त्यांनी एखादी गोष्ट चुकीची सांगितली तरी ती तिथे दुरुस्त करू नका. परत या असं म्हणू नका. ते दुसऱ्या मंडळीत जायला लागले असतील तर शिफारसपत्र चांगल्या शब्दांत, स्वतःच्या अक्षरात लिहून द्या. बाकीच्या चार कुटुंबांकडेही असंच, एकेका संध्याकाळी एकेक घर. दादांनी तुम्हाला काय सांगितलं ते यांतल्या कुणाला कळता कामा नये.

वहिनी चहा ठेवतील. घाईत आहे म्हणू नका. हिशेबाच्या जुन्या वह्या बहुतेक अजून त्यांच्याच घरी असतील, त्या मागू नका. या भेटीत नाही तर पुढच्या, किंवा त्याच्याही पुढच्या भेटीत ते स्वतः आतून आणतील. तेव्हा दोन्ही हातांनी घ्या, आणि लगेच पिशवीत टाकू नका. तिथेच बसून पहिली वही उघडा, अकरा कुटुंबांचं पान काढा आणि त्यांच्यासोबत वाचा.